बिसेन आडनावाची माणसे : वारासिवनीपासून मझौलीपर्यंत

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, महाराष्ट्रातील गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांना लागून बालाघाट जिल्हा पसरलेला आहे. त्यातील वारासिवनी हे तालुक्याचे शहर भाताची शेती आणि हातमाग यांसाठी ओळखले जाते. येथील हातमागाच्या साड्या व कापडाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बालाघाटच्या चिन्नोर या सुवासिक तांदळाला ते २०२१ मध्येच मिळाले होते. राज्यकारभाराची भाषा हिंदी असली तरी घरांत आणि बाजारात मराठीही कानी पडते. शेतकरी कुटुंबांत पोवारी नावाची तिसरी बोली आजही बोलली जाते.

या परिसरातील आडनावे महाराष्ट्राच्या इतर भागांतील वाचकाला अपरिचित वाटतात. पटले, कटरे, टेंभरे, बोपचे, रहांगडाले, हरिणखेडे, शरणागत, तुरकर, रिनाईत, बिसेन अशी ती नावे आहेत. गोव्यात आडनावाच्या शेवटी ‘कर’ आले की गाव कळते. पेडणेकर, मांद्रेकर, डिचोलकर ही नावे उच्चारताच मूळ ठिकाण डोळ्यांसमोर येते. देसाई किंवा कुळकर्णी या नावांतून पूर्वजांचा हुद्दा समजतो. वारासिवनीच्या या आडनावांतून मात्र बहुधा गावही कळत नाही आणि हुद्दाही कळत नाही. ती कुळांची नावे आहेत.

त्यांपैकी ‘बिसेन’ हे नाव विशेष पाहण्याजोगे आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात ते आडनाव म्हणून चालते, तर तेथून शेकडो किलोमीटर उत्तरेला, अवध आणि पूर्व उत्तर प्रदेशात, ते एका स्वतंत्र राजपूत वंशाचे नाव आहे. १८५७ च्या उठावातील दोन राजे, हिंदी दैनिकाचा एक आद्य संस्थापक, भारताचे एक परराष्ट्रमंत्री आणि बालाघाटचे दोन खासदार या एका नावाखाली येतात. त्यांना एकत्र आणणारे नाव एक असले, तरी ते प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रीतीने वापरले गेले आहे.

नावाची व्युत्पत्ती आणि परंपरा

उत्तर प्रदेशातील परंपरेनुसार ‘बिसेन’ हे ‘विश्वसेन’ या नावाचे बदललेले रूप आहे. मयूरभट्ट नावाचा एक विद्वान पुरुष या वंशाचा मूळपुरुष मानला जातो. त्याचा पुत्र विश्वसेन, आणि त्याच्या वंशातील ते बिसेन, अशी ही कथा आहे. विल्यम क्रूक यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, वायव्य प्रांत व अवधमधील जाती-जमातींवरील ग्रंथात बिसेनांची नोंद आढळते. देवरिया जिल्ह्यात छोटी गंडक नदीच्या काठी वसलेले मझौली हे या वंशाचे आद्यस्थान समजले जाते. मझौलीचे राजे स्वतःच्या नावापुढे ‘मल्ल’ ही उपाधी लावत. मझौलीतून निघालेल्या शाखांनी पुढे गोंडा, मनकापूर, भदरी, कालाकांकर इत्यादी ठिकाणी जमीनदाऱ्या आणि राज्ये उभारली, असे या घराण्यांच्या वंशावळी सांगतात.

या नावाची ‘बिशन’ या नावाशी गल्लत होऊ नये. क्रिकेटपटू बिशनसिंग बेदी यांच्या नावातील ‘बिशन’ हे ‘विष्णू’चे लोकरूप असून ते व्यक्तिनाम आहे. ‘बिसेन’ हे कुळाचे नाव आहे.

अवधमधील बिसेन

अवधमधील बिसेन घराण्यांतील पुरुष आपल्या नावापुढे बहुधा ‘सिंह’ लावतात, ‘बिसेन’ लावत नाहीत. तेथे वंश सर्वांना ठाऊक असतो. तो नावात सांगावा लागत नाही. म्हणूनच पुढील व्यक्ती बिसेन असूनही त्यांच्या नावांवरून ते सहज लक्षात येत नाही.

*राजा देवीबक्ष सिंह, गोंडा.* १८५७ मध्ये अवधमध्ये उठाव पसरला तेव्हा गोंड्याच्या या राजाने आरंभी सरकारी खजिना सुरक्षितपणे फैजाबादला पोहोचवून दिला आणि त्यानंतर तो उठावात सामील झाला. बेगम हजरत महल यांच्या बाजूने तो लढला. पराभवानंतर त्याने शरणागती न पत्करता नेपाळचा आश्रय घेतला. त्याची जहागीर जप्त झाली आणि इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेल्या बलरामपूर व अयोध्येच्या राजांना बक्षीस म्हणून दिली गेली. गोंड्याच्या बिसेन राज्याचा तेथे अंत झाला. या प्रदेशात देवीबक्ष सिंहांचे स्मरण आजही आदराने केले जाते.

*राजा हनवंत सिंह, कालाकांकर.* गंगेच्या काठी, आजच्या प्रतापगढ जिल्ह्यात, कालाकांकर आहे. १८५६ मध्ये अवध खालसा झाल्यावर इंग्रजांनी जी जमीन-व्यवस्था केली, तीत हनवंत सिंहांच्या ताब्यातील बरीचशी जमीन गेली. वर्षभरातच उठाव झाला आणि सलोन येथील इंग्रज अधिकारी कॅप्टन बॅरो आपल्या माणसांसह त्यांच्याच आश्रयाला आले. राजाने त्यांना गढीत ठेवून घेतले आणि पुढे सुखरूप पोहोचते केले. निरोपाच्या वेळी बॅरो यांनी उठाव मोडण्यासाठी मदतीची अपेक्षा व्यक्त केली. तुम्ही आमच्या बादशहाला घालवले, माझ्या पिढीजात जमिनी काढून घेतल्या, तरी संकटात माझ्या दारी आलात म्हणून तुम्हाला वाचवले. आता मात्र मी माझी माणसे घेऊन तुम्हाला देशाबाहेर घालवण्यासाठी लखनौला निघालो आहे, अशा आशयाचे उत्तर हनवंत सिंहांनी दिले. हा प्रसंग इंग्रज इतिहासकारांनीच नोंदवून ठेवला आहे. हनवंत सिंहांचे पुत्र लाल प्रताप सिंह या लढ्यात १८५८ मध्ये कामी आले.

*राजा रामपाल सिंह, कालाकांकर (१८४९–१९०९).* हनवंत सिंहांचे हे नातू भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या आरंभीच्या काळातील कार्यकर्ते होते. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी ‘हिंदोस्थान’ हे पत्र काढले आणि मायदेशी परतल्यावर १८८५ मध्ये ते कालाकांकर येथून हिंदी दैनिक म्हणून सुरू केले. हिंदीतील अगदी आरंभीच्या दैनिकांत त्याची गणना होते. रेल्वे आणि बाजारपेठ यांपासून दूर असलेल्या एका खेड्यातून दैनिक चालवणे हे त्या काळी साधे काम नव्हते. १८८७ मध्ये रामपाल सिंहांनी तरुण मदनमोहन मालवीय यांना संपादक म्हणून बोलावले. राजेसाहेबांनी मद्य घेतलेले असताना आपल्याला भेटीस बोलावू नये, अशी अट मालवीयांनी घातली होती आणि ती एकदा मोडली गेल्यावर त्यांनी संपादकपद सोडले, अशी आठवण सांगितली जाते. तरीही मालवीयांच्या पुढील कायद्याच्या शिक्षणाला राजांनीच साहाय्य केले, असेही तीच आठवण सांगते. प्रतापनारायण मिश्र आणि बालमुकुंद गुप्त हे हिंदीतील नामवंत लेखकही या दैनिकाच्या संपादकवर्गात होते.

*राजा बजरंग बहादूर सिंह, भदरी.* भदरी हे प्रतापगढ जिल्ह्यातीलच दुसरे बिसेन संस्थान. तेथील राजे बजरंग बहादूर सिंह हे १९५५ ते १९६३ या काळात हिमाचल प्रदेशाचे नायब राज्यपाल होते. हिमाचल तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. त्यांचे नातू रघुराज प्रताप सिंह ‘राजा भैया’ या नावाने ओळखले जातात. १९९३ पासून ते कुंडा मतदारसंघातून विधानसभेवर निवडून येत आहेत.

*दिनेश सिंह, कालाकांकर (१९२५–१९९५).* या घराण्यातील दिनेश सिंह दोनदा भारताचे परराष्ट्रमंत्री झाले. पहिल्यांदा १९६९–७० मध्ये इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात आणि दुसऱ्यांदा १९९३ ते १९९५ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात. १९९४ मध्ये जिनिव्हा येथील मानवी हक्क आयोगासमोर काश्मीरवरून भारताविरुद्ध ठराव येऊ घातला होता. त्या वेळी गंभीर आजारी असलेले दिनेश सिंह रुग्णशय्येवरून उठून तेहरानला गेले आणि इराणच्या नेत्यांपुढे भारताची बाजू मांडून आले. तो ठराव अखेर मतास पडला नाही. त्यांच्या कन्या रत्ना सिंह यांनीही प्रतापगढचे लोकसभेत प्रतिनिधित्व केले.

*कीर्तिवर्धन सिंह, मनकापूर.* गोंडा जिल्ह्यातील मनकापूर हे गोंड्याच्या बिसेन घराण्याच्या शाखेचे ठिकाण आहे. येथील आनंद सिंह अनेक वेळा गोंड्याचे खासदार होते. त्यांचे पुत्र कीर्तिवर्धन सिंह हे २०२४ मध्ये केंद्रात परराष्ट्र व्यवहार आणि पर्यावरण या खात्यांचे राज्यमंत्री झाले. दिनेश सिंहांनंतर परराष्ट्र खात्यात आलेले ते दुसरे बिसेन. दोघांच्याही नावात मात्र ‘बिसेन’ हा शब्द नाही.

वैनगंगेच्या खोऱ्यातील बिसेन

वैनगंगेच्या खोऱ्यात हे चित्र उलटे होते. तेथे ‘बिसेन’ हेच आडनाव आहे आणि ते पोवार समाजाच्या कुळांपैकी एक आहे. या समाजाची छत्तीस कुळे असल्याचे परंपरेने सांगितले जाते.

पोवार समाजाची परंपरा आपले मूळ माळव्यात, धारच्या पोवार राजवंशात शोधते. ब्रिटिशकालीन नोंदींनुसार या समाजाची विदर्भातील पहिली वस्ती रामटेकजवळच्या नगरधन येथे झाली आणि तेथून तो अंबागड, चांदपूर या बाजूने वैनगंगेच्या खोऱ्यात पसरला. नागपूरच्या चिमणाजी भोसल्यांच्या कटक मोहिमेत या समाजातील लोकांनी कामगिरी केली आणि तिचा मोबदला म्हणून त्यांना पडीक जमिनी मिळाल्या, असेही त्या नोंदी म्हणतात. आर. व्ही. रसेल यांनी रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने लिहिलेल्या, मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या ग्रंथात ही माहिती एकत्र आलेली आहे. तलवारीऐवजी नांगर हाती घेतलेल्या या लोकांनी तळी, बांध आणि पाट यांच्या आधारे भाताची शेती वाढवली. आजचा बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार करण्यात आला. जंगलाचा मोठा प्रदेश लागवडीखाली आणणे हा त्यामागचा एक हेतू होता आणि त्या कामात पोवार शेतकऱ्यांचा वाटा मोठा होता.

या समाजात कुळाचे नाव केवळ ओळखीपुरते नसते. एकाच कुळात विवाह होत नाही. दोन बिसेन कुटुंबांची पूर्वी कधी भेट झालेली नसली, एक वारासिवनीचे आणि दुसरे तिरोड्याचे असले, तरी ती भाऊबंद मानली जातात. त्यामुळे बिसेनांच्या सोयरिकी पटले, टेंभरे, कटरे, पारधी अशा इतर कुळांत जुळतात. स्थळ पाहताना पहिला प्रश्न कुळाचा असतो आणि त्याचे उत्तर आडनावातच मिळते. आडनाव सोडून ‘सिंह’ किंवा दुसरी एखादी उपाधी लावण्याची पद्धत येथे का रुजली नाही, याचे एक कारण या व्यवहारात दिसते.

या खोऱ्यातील बिसेनांपैकी दोन नावे देशपातळीवर पोहोचली.

*गौरीशंकर बिसेन.* बालाघाटचे हे नेते १९८५ मध्ये प्रथम मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून आले. पुढे १९९८ आणि २००४ मध्ये ते बालाघाटमधून लोकसभेवर गेले. शिवराजसिंह चौहान यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी कृषी खाते सांभाळले. राज्याच्या मागासवर्ग कल्याण आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत बालाघाटमध्ये काँग्रेसच्या अनुभा मुंजारे यांनी त्यांचा पराभव केला. त्यांच्या पत्नी रेखा बिसेन बालाघाट जिल्हा पंचायतीच्या अध्यक्षा होत्या.

*डॉ. ढालसिंह बिसेन.* शेजारच्या सिवनी जिल्ह्यातील बरघाट मतदारसंघातून ते अनेक वेळा आमदार झाले आणि राज्यात मंत्रीही होते. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर बरघाट अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. पुढे २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षाने त्यांना बालाघाट लोकसभेची उमेदवारी दिली आणि ते निवडून आले.

या दोघांची आडनावे, पक्ष आणि लोकसभा मतदारसंघ एकच असल्याने बाहेरच्या वाचकाला ते एका घरातील वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात एकाचे कार्यक्षेत्र बालाघाट, तर दुसऱ्याचे सिवनी. कुळ एक असणे आणि घर एक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सीमेच्या दोन्ही बाजूंना

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि भंडारा व बालाघाट हे एकाच राज्याचे जिल्हे होते. पुनर्रचनेत नागपूर, भंडारा आदी मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट, सिवनी, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. पोवारांची कुळे त्यामुळे दोन राज्यांत विभागली गेली. एका बाजूच्या मुलांचे शालेय शिक्षण मराठीत होऊ लागले, दुसऱ्या बाजूचे हिंदीत. सोयरिकी मात्र पूर्वीसारख्याच चालू राहिल्या.

याचा परिणाम लोकप्रतिनिधींच्या यादीतही दिसतो. ‘पारधी’ हे बिसेनांप्रमाणेच एक पोवार कुळ. १९६२ मध्ये भोलाराम पारधी प्रजा समाजवादी पक्षातर्फे बालाघाटचे खासदार झाले. १९८० आणि १९८४ मध्ये केशवराव पारधी काँग्रेसतर्फे महाराष्ट्रातील भंडाऱ्याचे खासदार झाले. २०२४ मध्ये भारती पारधी भारतीय जनता पक्षातर्फे पुन्हा बालाघाटमधून निवडून आल्या. एकच आडनाव दोन राज्यांतून आणि तीन पक्षांतून लोकसभेत पोहोचले. भंडाऱ्याचे खुशाल बोपचे (१९८९) आणि शिशुपाल पटले (२००४) हे खासदार, तसेच गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याचे आमदार विजय रहांगडाले यांची आडनावेही वैनगंगेच्या काठच्या याच नाममालेतील आहेत.

‘पारधी’ या नावाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. महाराष्ट्रात पारधी ही एक स्वतंत्र आदिवासी जमात आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या राजवटीत तिच्यावर गुन्हेगारीचा शिक्का बसला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायद्याने पुसला गेला, तरी समाजाच्या मनातून तो पूर्णपणे गेलेला नाही. या जमातीचा आणि पारधी आडनावाच्या पोवार कुळाचा सामाजिक इतिहास वेगळा आहे. शब्द एक आहे, माणसांच्या वाट्याला आलेले जगणे एक नाही.

एक नाव म्हणजे एक वंश नव्हे

अवधमधील बिसेन आणि वारासिवनीचे बिसेन एकाच मूळपुरुषाचे वंशज आहेत काय, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. नामसाम्यावरून ‘होय’ असे उत्तर देण्याचा मोह मोठा असतो, कारण त्यामुळे एका शेतकरी कुळाला राजे आणि मंत्री यांची वंशावळ आयती मिळते. परंतु दोन्हीकडच्या परंपरा शेजारी ठेवल्या की त्या वेगवेगळ्या दिशांना जातात. अवधचे बिसेन आपले मूळ गंडकेच्या काठी मझौलीला सांगतात. वैनगंगेचे पोवार आपले मूळ माळव्यात धारला सांगतात. शिवाय हा प्रश्न एकट्या बिसेनांचा नाही. चौहान, परिहार, बघेले, गौतम ही नावेही उत्तरेत स्वतंत्र राजपूत वंशांची आहेत आणि वैनगंगेच्या खोऱ्यात ती एकाच पोवार समाजाची कुळे आहेत. उत्तरेत जी नावे परस्परांहून वेगळ्या वंशांची, ती येथे परस्परांशी सोयरिक करणाऱ्या घरांची झाली.

भाषेचा पुरावाही साध्या निष्कर्षाला आवर घालतो. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा पूर्वी हिंदीवरील सहावा खंड १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बालाघाट-भंडाऱ्याची पोवारी ही बघेलीच्या मिश्र बोलींबरोबर ठेवलेली आहे. म्हणजे परंपरा माळव्याकडे बोट दाखवते आणि सर्वेक्षणाचे वर्गीकरण बघेलखंडाकडे. शतकानुशतके मराठी आणि हिंदी यांच्यामध्ये राहिलेल्या या बोलीत दोन्ही भाषांचे पाणी मिसळलेले आहे. ज्या समाजाची बोलीच इतक्या वाटांनी घडली, त्याच्या एका आडनावाचा उगम एकाच गावात शोधणे धाडसाचे ठरते.

आज वारासिवनीच्या शाळांत हिंदी, बाजारात हिंदी-मराठी आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी पोवारी अशी स्थिती आहे. नव्या पिढीत पोवारी मागे पडत असल्याची चिंता समाजातील जाणती मंडळी व्यक्त करतात आणि त्या बोलीत लेखन व्हावे यासाठी प्रयत्नही करतात. नागपूर, भोपाळ, पुणे येथे नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबांतील मुलांना बोली येत नाही. आडनाव मात्र त्यांच्याबरोबर जाते. अशा घरांत ‘बिसेन’, ‘पटले’ किंवा ‘टेंभरे’ ही तीन अक्षरेच अनेकदा वैनगंगेच्या काठाची शेवटची खूण म्हणून उरतात आणि लग्नाची बोलणी सुरू झाली की पहिल्यांदा तीच विचारली जातात.